गुरुवारी मेन खाली

भाजी परतताना क्षिप्राने पुन्हा फोनकडे पाहिलं. ठिपका हिरवा होता. तिने गॅस बारीक केला, झाकण ठेवलं आणि परत पाहिलं. हिरवाच.

"पळून नाही जाणार तो," ताटं मांडता मांडता देवेश म्हणाला. "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्याकडे कधी असं बघितलं नाहीस."

"तू बंद पडलास तर कुणाचा पेपर नाही बुडत," ती म्हणाली.

तो ठिपका वागळे इस्टेटमधल्या एका संगणकाचा होता. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना संगणक, एका वर्कशॉपमध्ये कपाटावर ठेवलेला. त्याच्यावर 'सोबत' चालत होतं. ठाणे, डोंबिवली, कल्याणमधल्या अंध विद्यार्थ्यांनी तिथे परीक्षेसाठी लेखनिक मागायचा आणि लेखनिकांनी येतो किंवा येत नाही ते कळवायचं. कुणी ऐनवेळी नाही म्हटलं, तर जवळच राहणाऱ्या राखीव लेखनिकांना आपोआप निरोप जायचा. पूर्वी हे सगळं डोंबिवलीच्या शीलाताई फोनवरून करायच्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. आता त्यांना ऐकायला कमी येऊ लागलं होतं, आणि फोनवर 'कल्याण'चं 'कळवा' झालं की मुलगी एका केंद्रावर आणि लेखनिक दुसऱ्या केंद्रावर, असं दोनदा घडलं होतं.

'सोबत' आधी एका फुकटच्या सेवेवर होतं. पण कुणी वापरलं नाही की ते झोपी जायचं आणि पुढच्या माणसाला उठेपर्यंत ताटकळावं लागायचं. शिवाय मुलांची अपंगत्वाची प्रमाणपत्रं त्यात होती. "ती परक्या यंत्रावर नकोत," शीलाताई म्हणाल्या होत्या. "आणि चार ठिकाणी प्रतीही नकोत. एका ठिकाणी असावीत, आणि ते ठिकाण मला माहीत असावं." क्षिप्राने तसा शब्द दिला आणि स्वतःचं यंत्र उभं करायला घेतलं.

हे काम तिला आवडलं होतं. भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसाला आवडावं असंच ते होतं. सगळी व्यवस्था कंटेनरमध्ये, म्हणजे बंद डब्यांमध्ये. एक डबा पानं दाखवणारा, एक माहिती सांभाळणारा, एक निरोप धाडणारा. डबा उचलून दुसऱ्या यंत्रावर ठेवला तरी आतलं तसंच चालतं. इंटरनेट कंपनी कायमचा पत्ता देईना, तेव्हा तिने उलटा मार्ग काढला. यंत्रच आतून बाहेर जोडणी करायचं आणि लोक त्याच जोडणीवरून आत यायचे. घोडबंदर रोडवरच्या तिच्या इमारतीत मेट्रोच्या खोदकामामुळे केबल सारखी तुटायची, म्हणून यंत्र वागळेतल्या वर्कशॉपमध्ये ठेवलं. ते वर्कशॉप तिच्या वडिलांनी आणि सिल्वेस्टरकाकांनी मिळून सुरू केलेलं. मोजमापाची गेज बनायची तिथे. वडील गेल्यानंतर काका एकटेच चालवत होते.

शनिवारी तिने यंत्र बसवलं. त्यानंतर रोज काहीतरी मुद्दाम बिघडवून पाहिलं. प्लग खेचला, वीज परत येताच यंत्र आपोआप उठलं. इंटरनेटची वायर काढली, डिस्क भरून टाकली, एक एक डबा मारून पाहिला. डबा मारला की ठिपका लाल झाला, आणि दर वेळी शेवटी तो हिरवाच दिसला. जाताना तिने यंत्रावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली: बंद करू नये.

एकच तक्रार आली होती, ती संचिताची. संचिता कल्याणला राहायची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. फोन तिला सगळं वाचून दाखवायचा. क्षिप्राने 'सोबत'चं प्रत्येक पान तिच्याकडून तपासून घेतलं होतं.

"ताई, तुमचं हिरवं तुम्हालाच लखलाभ," संचिता म्हणाली होती. "मला कसं कळणार चालू आहे की बंद? त्याला विचारलं की बोललं पाहिजे."

"करते. पुढच्या आठवड्यात करते."

"शुक्रवारी माझा इतिहास आहे हां. मागच्या वर्षी लेखनिक आलाच नाही. दारात उभी राहिले आणि गैरहजर लागली. हा सुटला तरच पदवी हातात. नाहीतर परत वर्ष."

आज गुरुवार होता. संचिताला लेखनिक मिळालेली होती, शिवानी नावाची पहिल्या वर्षाची मुलगी, कल्याणचीच. संध्याकाळी तिला 'उद्या येणार ना?' असा निरोप आपोआप जाणार होता. क्षिप्राने जेवताना एकदा, भांडी आवरताना एकदा ठिपका पाहिला. हिरवा होता.

*

सकाळी शीलाताईंचा फोन आला तेव्हा ती चहा गाळत होती.

"क्षिप्रा, तुझं ते उघडत नाही गं."

"उघडतंय ना, ताई. हिरवं आहे, आत्ताच बघितलं."

"तुझ्याकडे हिरवं असेल. माझ्याकडे पांढरं आहे. आणि ती शिवानी तापाने फणफणलीय. पहाटेपासून नकार कळवायचा प्रयत्न करतेय बिचारी, पान उघडेना, मग आईने माझा नंबर शोधून फोन केला. संचिताचा अकराला पेपर आहे."

क्षिप्राने पान नव्याने उघडलं. वरची रेघ सरकत राहिली, आणि मग पांढरं. तेव्हा तिला कळलं. ठिपका कालचा होता. यंत्र चालू आहे की नाही हे पाहणारा डबाही तिने त्याच यंत्रावर ठेवला होता. यंत्र गेलं तेव्हा तोही गेला, आणि मेलेल्याला लाल होता येत नाही. फोनवर शेवटचं हिरवं तसंच राहिलं होतं. सबंध संध्याकाळ तिने फोनकडे पाहिलं होतं, पण पान एकदाही नव्याने उघडलं नव्हतं.

"ताई, तुमच्या ओळखीचं कुणी आहे कल्याणात?"

"तिघांना लावला फोन. तिघांचेही स्वतःचे पेपर आहेत. परवा कॉलेजमधून नवी मुलं आली ना, ती सगळी तुझ्या त्याच्यातच आहेत. माझ्याकडे त्यांचे नंबर नाहीत. मी निघते कल्याणला. केंद्रप्रमुखांशी बोलायला कुणीतरी हवं तिथे."

क्षिप्राने सिल्वेस्टरकाकांना फोन लावला.

"काका, युनिटमध्ये कोण आहे आत्ता?"

"आत्ता? आज शुक्रवार नाय काय?"

"हो, पण लाइट आहे ना?"

"लाइट कशी असेल? मेन स्विच खाली आहे. गुरुवारी मेन खाली. तुला नाय माहिती?"

तिला माहीत होतं. शुक्रवार हा तिच्या लहानपणचा सगळ्यात ओळखीचा वार होता. इस्टेटची सुट्टी शुक्रवारी असायची. त्या दिवशी शाळा सुटताना फाटकापाशी बाबा उभे असायचे, धुतलेल्या शर्टात, नखांतलं ग्रीस घासून काढलेले. वर्गातल्या मुलींना रविवारचे बाबा होते, तिला शुक्रवारचे होते. पण ती सुट्टी माणसांची, असंच तिने धरलं होतं. विजेचीही असते हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. यंत्र शनिवारी बसलं, गुरुवारपर्यंत तपासलं, आणि शुक्रवार आज पहिल्यांदा आला होता.

"मी चिठ्ठी लावली होती, काका."

"मग! तू लिवलेलं बंद करू नये. मी कॉम्प्युटरला हातपण नाय लावला," काका दुखावल्यासारखे म्हणाले. "मेन केला फक्त खाली. तुझ्या बापाचीच सवय ती. शेजारच्या गाळ्यात शॉर्टसर्किट झालेलं तेव्हापासून. तो बोललेला, सिली, सुट्टीच्या दिवशी आत करंट ठेवायचा नाय."

"काका, चावी घेऊन निघाल का? मी पोचतेच."

"रिक्षा बघतो."

घोडबंदर रोडवर नेहमीची रांग होती. क्षिप्राची स्कूटर दोन बसच्या मधून पुढे सरकायची आणि अडायची. मानपाड्याला एक पाण्याचा टँकर आडवा झाला होता. तिने इंजिन बंद केलं, पुन्हा चालू केलं. बाजूचा रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, चालू-बंद करून सिग्नल नाय सुटणार." तिने मान हलवली आणि परत बंद केलं. डोक्यात हिशेब फिरत होता: मेन वर, यंत्र उठायला थोडा वेळ, निरोप गेला, कल्याणातल्या कुणीतरी पाहिला, कपडे बदलले, निघाला. प्रत्येक पायरीला ती मनात कमीत कमी वेळ देत होती आणि तरी बेरीज जमत नव्हती. तिने पोखरण रोडला स्कूटर वळवली.

शीलाताईंचा फोन वाजला. तिने स्कूटर कडेला घेतली.

"पोचले मी. केंद्रप्रमुख बरे आहेत. म्हणाले, बदली लेखनिक घेऊ, पण माणूस समोर उभा पाहिजे, कॉलेजचं ओळखपत्र पाहिजे आणि तिच्यापेक्षा खालच्या वर्गातला पाहिजे. मला म्हणतात, तुम्ही बसता का? म्हटलं, मी एम.ए. आहे हो."

"संचिता?"

"वर्गाच्या दारात उभी आहे. बस म्हटलं तर बसत नाही. म्हणते, हेच दार होतं मागच्या वर्षी."

*

वर्कशॉपचं शटर अर्धं वर होतं. आत काका मोबाईलचा टॉर्च धरून मेनसमोर उभे. लेथ, ग्राइंडर, सगळं अंधारात. तिला पाहून त्यांनी मेनचा दांडा खाली केला आणि खटकन वर केला.

"वर आहे. बघ. पण काय नाय. अख्खी लाइनच बंद. शुक्रवारी काढतात ना मेंटेनन्सला. वॉचमन बोलला, चारला येईल."

क्षिप्रा कपाटासमोर उभी राहिली. यंत्र थंड होतं. चिठ्ठी जागेवर होती. वीज गेली तर थोडा वेळ यंत्र धरून ठेवणाऱ्या बाजूच्या बॅटरीचा जीव काल संध्याकाळीच गेला असणार. आतल्या डिस्कवर कल्याणच्या सगळ्या मुलांचे नंबर होते, आणि दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी त्यांची प्रत नव्हती. बॅकअपची डिस्कही याच कपाटात होती. एकच ठिकाण, तिने शब्द दिलेलं.

तिने टेबलावर बोटं वाजवली. मग थांबवली.

"काका, तुमच्याकडे घरी इंटरनेट आहे?"

"आमच्या पोराने, लॉईडने लावून दिलाय. थेल्मा दिवसभर त्याच्याशी व्हिडिओवर बोलते. का?"

"हे तिथे लावलं तरी चालेल. कुठेही चालेल. याला पत्ता लागत नाही, हे स्वतःच बाहेर जोडून घेतं." बोलता बोलता ती वायरी काढायला लागलीसुद्धा. "वीज आणि एक वायर, बस."

"मग इथे कशाला ठेवलेलास?"

तिने शेवटची वायर ओढून काढली. काकांनी खुंटीवरचा कामाचा ॲप्रन काढला, यंत्र त्यात गुंडाळलं आणि बाळासारखं छातीशी धरून स्कूटरवर मागे बसले. इस्टेटचे रस्ते रिकामे होते, शटर खाली, उपाहारगृहंही बंद. तीन हात नाक्यापासून गर्दी सुरू झाली. खड्डा आला की काका मागून म्हणायचे, "हळू, हळू, तुझं बेबी आहे माझ्याकडे."

काकांचं घर टेंभी नाक्याजवळच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. थेल्माकाकूंनी दार उघडलं तेव्हा हाताला मसाला होता.

"हे काय आणलंस? आता घरात पण मशीन?"

"प्लग कुठे रिकामा आहे, काकू?"

"रिकामा कुठला? फ्रीज आहे, टीव्ही आहे, मिक्सर आहे. मिक्सर काढ. हलव्याच्या तुकड्या मसाल्यात मुरवून ठेवल्यात, वाटण राहू दे."

स्क्रीन नव्हता, म्हणून क्षिप्राने त्यांचा टीव्ही जोडला. यंत्राचा पंखा घरघरला. टीव्हीवर काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागल्या.

"जरा चांगलं काहीतरी लाव," काकू म्हणाल्या.

"थेल्मा, गप बस."

ओळी थांबल्या. अचानक वीज गेलेली, म्हणून यंत्र आधी आपली डिस्क तपासत होतं. त्याला घाई करता येत नव्हती. क्षिप्रा उभी राहिली, बसली, परत उभी राहिली. खिडकीतून चर्चच्या बाजूचा रस्ता दिसत होता, एक माणूस निवांतपणे केळी निवडत होता. तिला त्या माणसाचा राग आला. टीव्हीवर एक ओळ सरकली, मग दुसरी. माहितीचा डबा उठला. पानांचा डबा उठला.

आणि तिच्या लक्षात आलं की आता निरोपांचा डबा उठेल. कालचे न गेलेले सगळे निरोप त्याच्यात साठून होते. 'उद्या आपला पेपर आहे, येणार ना?' असा निरोप आज, शुक्रवारी, शेकडो मुलांना जाईल. शनिवारी पेपर आहे असं समजून आजचा लेखनिक घरी बसेल. तिने काकांच्या मुलाचा जुना कीबोर्ड ओढला आणि तो डबा उठायच्या आत थांबवला. साठलेले निरोप पुसले. प्रत्येक आज्ञा तिने दाबायच्या आधी एकदा वाचली. मग डबा सोडला. शिवानीच्या नावापुढे 'येऊ शकत नाही' लिहिलं.

कल्याणातल्या राखीव लेखनिकांना निरोप गेला. त्या ओळीकडे ती बघत राहिली. या वेळी नुसती बघत राहिली नाही. दर थोड्या वेळाने पान नव्याने उघडत होती.

"कुणी आला का?" काकांनी विचारलं.

"नाही."

काकू हात पुसत येऊन टीव्हीसमोर उभ्या राहिल्या, जणू मॅच चालू होती.

एक नकार आला. मग आणखी एक, पुढे लिहिलेलं: माझा पण पेपर आहे. घड्याळात अकराला थोडंच राहिलं होतं. तेवढ्यात एक ओळ बदलली. हितेश, प्रथम वर्ष, खडकपाडा. येतो.

क्षिप्राने त्याला फोन केला. "हितेश, ओळखपत्र घे. रिक्षाने ये, पैशांचं नंतर बघू."

"रिक्षा नको, मॅडम, मित्राची बाइक आहे, मी निघालोय ऑलरेडी. एक विचारू? इतिहास आहे ना? मी कॉमर्सचा आहे. चालेल?"

"ती सांगेल ते लिहायचं. इतिहास तिला येतो."

"मग टेन्शन नाय."

मग बराच वेळ काहीच कळलं नाही. अकरा वाजून गेले. काकूंनी टीव्ही तसाच ठेवून तवा चढवला. क्षिप्राने शीलाताईंना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. परत लावला. घरभर तळणीचा वास पसरला, काकांनी तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला, ती तो हातात घेऊन खिडकीपाशी गेली आणि न पिता परत आली.

शेवटी फोन वाजला.

"बसले दोघं," शीलाताई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "बेल होऊन गेली होती. तो धावत आला, त्याचा फोटो आणि तोंड जुळेना, दाढी वाढवलीय मेल्याने. सही झाली. बसले."

क्षिप्राने ग्लास खाली ठेवला. "जेवून जा," काकू म्हणाल्या. ती जेवली, पण काय जेवली ते तिला नंतर आठवलं नाही. एक डोळा टीव्हीवरच होता.

दुपारी संचिताचा फोन आला.

"ताई, लिहिला. एक प्रश्न राहिला, वेळच नाही पुरला. पण निघेल. हितेशला एकाही व्हाइसरॉयचं नाव लिहिता येत नाही, प्रत्येकाचं स्पेलिंग सांगत होते." ती हसली. मग म्हणाली, "पुढचा पेपरही शुक्रवारीच आहे."

"माहीत आहे."

"मग बोलतं करताय ना त्याला?"

*

शीलाताईंना तिने स्वतः जाऊन सांगितलं की एका ठिकाणाने भागणार नाही, वर्कशॉपबरोबर एका घरीही प्रत हवी.

"घर कुणाचं?"

"सिल्वेस्टरकाकांचं."

"त्या मासे तळणाऱ्या बाई ना? फोनवर आवाज ऐकला मी त्यांचा. ठेव."

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी क्षिप्रा वर्कशॉपमध्ये आली. कामगार हात धुऊन गेले होते. कपाटावरचं यंत्र चालू होतं. त्याचं जुळं भावंड थेल्माकाकूंच्या टीव्हीखाली चालू होतं, आणि दोघांवर नजर ठेवणारा डबा तिने तिसरीकडेच ठेवला होता, स्वतःच्या घरी, त्याच्यात कुणाचंही नाव वा नंबर नव्हता. कपाटावरची चिठ्ठी तिने काढून टाकली होती.

फोनवर संचिता होती.

काकांनी दिवे घालवले, मेनच्या डब्याला हात लावून तो कपाळाला लावला. बाबाही असंच करायचे. ते तिला आत्ता आठवलं.

"खाली करू?"

"करा."

दांडा खटकन खाली आला. बॅटरीने यंत्र धरून ठेवलं, तेव्हा तिने बॅटरीचं बटणही दाबलं. पंखा मंदावला आणि थांबला. वर्कशॉपमध्ये ग्रीसचा वास आणि अंधार राहिला.

"विचार त्याला," ती फोनमध्ये म्हणाली.

पलीकडून संचिताच्या फोनचा यांत्रिक आवाज आला: "पान उघडत नाही."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. तिने टाचेने फरशीवर ठेका धरला होता, तो तिचा तिलाच ऐकू आला.

"परत विचार."

या वेळी आवाज जरा थांबून आला, प्रत्येक शब्द सुटा: "सोबत चालू आहे. उद्या, शुक्रवार. राज्यशास्त्र. लेखनिक, हितेश. निश्चित."

"ऐकलंत ना, ताई?"

"ऐकलं," क्षिप्रा म्हणाली.

काका शटर ओढायला बाहेर गेले. ती आत अंधारातच उभी राहिली.

"संचिता, अजून एकदा विचार ना."